विशीतला निबंध आणि ऐंशीतली स्मृती

तरुणपणी लिहिलेल्या एका पानाच्या निबंधावरून, तो लिहिणाऱ्या व्यक्तीला साठ वर्षांनी स्मृतिभ्रंश होईल की नाही हे सांगता येईल काय? १९९६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि या प्रश्नाचे उत्तर 'होय, बरेचसे' असे असावे, अशी बातमी जगभर पसरली. त्या संशोधनाचे प्रमुख डॉ. डेव्हिड स्नोडन यांनी पुढे २००१ साली सामान्य वाचकांसाठी 'एजिंग विथ ग्रेस' हे पुस्तक लिहिले. पुस्तक वाचनीय आहे आणि आजही त्याचा दाखला वर्तमानपत्री लेखांतून, व्याख्यानांतून दिला जातो. 'डोके चालवत राहा, अल्झायमर होणार नाही' या सर्वत्र ऐकू येणाऱ्या उपदेशालाही याच पुस्तकाचा आधार दिला जातो.

शिक्षकांच्या दृष्टीने हे पुस्तक दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. एक तर त्यातल्या बहुतेक व्यक्ती शिक्षिका आहेत आणि निबंध हा तर आपल्या रोजच्या व्यवहारातला विषय. दुसरे असे की, 'जोखीम घटक' म्हणजे काय आणि काय नव्हे, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. पुस्तकाचे गुण आणि त्याच्या मर्यादा या दृष्टीने येथे पाहू.

मठ ही प्रयोगशाळा

प्रथम शब्दांचा अर्थ नीट ध्यानात घेऊ. स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नाही. स्मरण, भाषा, दिशाज्ञान, निर्णयशक्ती यांचा इतका ऱ्हास की रोजचे व्यवहार स्वतःला करता येऊ नयेत, या अवस्थेला स्मृतिभ्रंश म्हणतात. ही अवस्था निर्माण करणारे रोग अनेक आहेत. त्यांपैकी सर्वांत जास्त आढळणारा आणि हळूहळू वाढत जाणारा रोग म्हणजे अल्झायमर. एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांत त्याचा हात असतो. या रोगात मेंदूत दोन प्रकारचे बदल दिसतात. चेतापेशींच्या बाहेर अमायलॉइड या प्रथिनाचे साके जमतात आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचे गुंते तयार होतात. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण सहज वापरतो, पण केवळ साठी उलटली म्हणून बुद्धी नाहीशी होत नाही. वय हा सर्वांत मोठा जोखीम घटक आहे हे खरे. तरी ऐंशी-नव्वदीतही बुद्धी शाबूत असलेली पुष्कळ माणसे असतात. मग कुणाची शाबूत राहते आणि कुणाची नाही, हा खरा प्रश्न आहे.

स्नोडन यांनी हा प्रश्न सोडवण्यासाठी निवडलेली जागा मोठी कल्पक होती. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मॅनकेटो येथे 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या कॅथलिक संघाचा मठ होता. तेथे १९८६ साली त्यांनी पाहणीला प्रारंभ केला. पुढे या संघाच्या अमेरिकेतल्या इतर मठांतील जोगिणीही तीत सामील झाल्या. १९१७ पूर्वी जन्मलेल्या १,०२७ जोगिणींना विचारणा झाली आणि ६७८ जणींनी संमती दिली. त्यांची वये ७५ ते १०२ होती. दरवर्षी स्मरणाच्या व रोजच्या हालचालींच्या चाचण्या द्यायच्या, मठाची जुनी कागदपत्रे पाहू द्यायची आणि मृत्यूनंतर मेंदू तपासणीसाठी द्यायचा, असे तीन भाग त्या संमतीत होते. मेंदू देण्यास या सर्वजणींनी मान्यता दिली, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. हा निर्णय घेताना त्यांनी केलेला विचार पुस्तकात फार आदराने मांडला आहे आणि ती पाने पुस्तकातली सर्वांत चांगली पाने आहेत.

मठच का? विज्ञान शिकवणाऱ्याच्या लक्षात हे चटकन येईल. बाटलीतल्या दोन रोपांची तुलना करताना आपण माती, पाणी, खत सारखे ठेवतो आणि फक्त प्रकाश बदलतो. माणसांच्या बाबतीत असे करता येत नाही. श्रीमंत-गरीब, विवाहित-अविवाहित, धूम्रपान करणारे-न करणारे असे शेकडो फरक एकाच वेळी हजर असतात. या जोगिणींचे अन्न एका स्वयंपाकघरातले, घर एकच, वैद्यकीय सोय एकच. विवाह नाही, बाळंतपण नाही, धूम्रपान नाही, मिळकतीतला फरक नाही. म्हणजे बरेचसे घटक निसर्गतःच समान झाले. त्यातूनही काहीजणींना अल्झायमर झाला आणि काहींना झाला नाही, तर कारणांचा शोध थोड्या जागेत करता येतो.

मात्र जो घटक सगळ्यांत समान आहे, त्याचा परिणाम त्या पाहणीतून कधीच कळू शकत नाही. मठातल्या कुणीच सिगारेट ओढत नसेल, तर सिगारेटने स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढते की नाही हे मठ सांगू शकणार नाही. हा साधा नियम वाचकाने मनात धरून ठेवावा. पुस्तकाच्या शेवटाकडे तो उपयोगी पडेल.

दहा शब्दांत किती विचार

आता त्या निबंधाकडे वळू. १९३० च्या दशकात संघात दाखल होणाऱ्या प्रत्येक तरुणीला आपले छोटे आत्मवृत्त लिहावे लागे. एकच कागद, दोनशे-तीनशे शब्द. आईवडील, जन्मस्थान, बालपण, शाळा, मठात येण्याचे कारण, एवढेच विषय. लिहिणाऱ्यांचे सरासरी वय २२. हे कागद संघाच्या दप्तरात जपून ठेवलेले होते. कॅन्सस विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ सुझन केम्पर यांच्या मदतीने स्नोडन यांनी ९३ जणींची आत्मवृत्ते दोन मापांनी मोजली. पहिले माप वाक्यरचनेच्या गुंतागुंतीचे. दुसरे माप म्हणजे दर दहा शब्दांमागे किती स्वतंत्र विधाने आली आहेत, याची मोजणी. त्याला आपण विचारघनता म्हणू.

मराठीत उदाहरण घेऊ. 'माझा जन्म एका गावात झाला. त्या गावाचे नाव वाई आहे. माझे वडील शिक्षक होते. ते शाळेत शिकवत होते.' शब्द अठरा आहेत, पण मिळणारी माहिती थोडी. आता हे पाहा : 'वाईच्या गरीब पण हौशी शिक्षकाची थोरली, हट्टी, पुस्तकवेडी मुलगी मी.' शब्द जवळजवळ निम्मे, माहिती दुप्पट. शिवाय हे वाक्य काही फार लांबलचक नाही. म्हणजे घनता आणि लांबी या वेगळ्या गोष्टी आहेत. निबंध तपासणाऱ्या प्रत्येकाला हा फरक अनुभवाने ठाऊक असतो. येथे तो आकड्यात बसवला आहे.

आत्मवृत्त लिहिल्यानंतर सुमारे ५८ वर्षांनी या जोगिणींच्या चाचण्या झाल्या. ज्यांच्या लेखनातली विचारघनता खालच्या तिसऱ्या हिश्शात होती, त्यांचे गुण म्हातारपणी कमी आढळले. वाक्यरचनेच्या गुंतागुंतीचा संबंधही होता, पण तो विचारघनतेइतका ठळक नव्हता. त्यापुढची गोष्ट अधिक थक्क करणारी होती. या गटातील ज्या १४ जणी तोवर वारल्या होत्या, त्यांच्या मेंदूंची तपासणी झाली. कमी विचारघनता असलेल्या सर्वजणींच्या मेंदूत अल्झायमर निश्चित झाला आणि जास्त विचारघनता असलेल्या एकीच्याही मेंदूत तो आढळला नाही.

सर्व विरुद्ध शून्य! असा निकाल वाचून कुणीही भारावून जाईल. परंतु हा निकाल १४ व्यक्तींवरचा आहे. नाणे चौदा वेळा उडवून मिळालेल्या निष्कर्षावर आपण जितका भर देऊ, त्याहून थोडा जास्त भर येथे देता येईल, पण फार जास्त नाही. पुढे २००५ साली याच पाहणीतील १८० जणींवर केलेल्या अभ्यासातही कमी विचारघनतेचा संबंध मेंदूतल्या विकृतीशी दिसला. म्हणजे शोध हवेत विरला नाही. परंतु 'सर्व विरुद्ध शून्य' अशी स्वच्छ विभागणी मोठ्या गटात राहत नाही. पुस्तकाच्या वाचकांच्या मनावर मात्र ती १४ जणींची गोष्टच ठसते आणि लोकांत तीच फिरते.

एका निरीक्षणाची तीन उत्तरे

आकडे पूर्णपणे मान्य केले तरी त्यांचा अर्थ काय? येथे किमान तीन उत्तरे संभवतात.

पहिले उत्तर : बालपणी व तरुणपणी भाषेचा, विचाराचा भरपूर सराव झाला, त्यामुळे मेंदूत जोडण्यांची एक शिल्लक तयार झाली आणि तिने पुढे रोगापासून रक्षण केले. हे उत्तर शिक्षकांना आवडण्यासारखे आहे. पालकांनी मुलांना वाचून दाखवावे, हा पुस्तकातला सल्ला याच उत्तरावर उभा आहे.

दुसरे उत्तर नेमके उलट आहे : रोग त्या वयातच अत्यंत सूक्ष्म रूपात सुरू झाला होता आणि विरळ लेखन हे त्याचे कारण नसून पहिले लक्षण होते. ही कल्पना विचित्र वाटेल. पण जर्मनीतील हायको ब्राक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या २,३३२ मेंदूंच्या तपासणीत टाऊ प्रथिनाचे अगदी प्रारंभीचे बदल तिशीच्या आतल्या अनेक व्यक्तींतही दिसले. त्यामुळे हे उत्तर सहज फेटाळता येत नाही.

तिसरे उत्तर असे : लेखनातली घनता आणि वार्धक्यातला मेंदू या दोन्हींना तिसरीच गोष्ट कारणीभूत असेल. गर्भावस्थेतले पोषण, बालपणीचे आजार, आनुवंशिकता, घरातली परिस्थिती यांपैकी काहीही. पावसाळ्यात छत्र्यांची विक्री वाढते आणि नद्यांना पूरही येतो. म्हणून छत्र्यांनी पूर येतो असे कुणी म्हणत नाही.

स्नोडन पहिल्या दोन शक्यतांची चर्चा करतात, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला धरूनच आहे. तथापि पुस्तकाचा ओघ वाचकाला पहिल्या उत्तराकडे नेतो. गोष्ट सांगताना जी ऊब पहिल्या उत्तराला मिळते, ती इतर दोघांना मिळत नाही. या तिघांतून एक निवडण्याइतका पुरावा या पाहणीत नाही आणि तो असूही शकत नाही, कारण कुणाची विचारघनता वाढवून पाहण्याचा प्रयोग येथे झालेलाच नाही.

सिस्टर मेरींचा पेच

पुस्तकातली सर्वांत लक्षात राहणारी व्यक्ती म्हणजे सिस्टर मेरी. आठवीपर्यंत शिकून त्या एकोणिसाव्या वर्षी शिक्षिका झाल्या आणि पुढे सुट्ट्यांतून अभ्यास करीत वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांनी शालान्त शिक्षण पूर्ण केले. ८४ व्या वर्षापर्यंत त्या शिकवण्याच्या कामात होत्या. १०१ वर्षांच्या होऊन त्या वारल्या, तोपर्यंत चाचण्यांत त्यांचे गुण उत्तम होते. परंतु त्यांचा मेंदू तपासला तेव्हा त्यात अल्झायमरचे साके आणि गुंते भरपूर आढळले. म्हणजे रोग मेंदूत होता, आणि माणसात दिसत नव्हता!

आता जरा थांबून विचार करू. चौदा जणींच्या निकालावरून असे वाटते की सुदृढ बुद्धीच्या मेंदूत विकृतीच होत नाही. सिस्टर मेरींच्या उदाहरणावरून असे दिसते की विकृती होते, पण सुदृढ मेंदू ती झेलतो. ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात भिंतीला भेग पडत नाही. दुसऱ्यात भेग पडूनही घर उभे राहते. पुस्तकात दोन्ही गोष्टी एकाच आशादायी सुरात सांगितल्या आहेत. त्यांच्यातला ताण वाचकासमोर पुरेसा उघड केलेला नाही, ही या पुस्तकाची माझ्या मते सर्वांत मोठी उणीव आहे. २००९ साली याच पाहणीतून निघालेल्या दुसऱ्या एका शोधनिबंधाने प्रश्न आणखी पुढे नेला. मेंदूत विकृती असूनही बुद्धी शाबूत राहिलेल्या जोगिणींची तरुणपणची विचारघनता, रोगाची लक्षणे दिसलेल्यांपेक्षा जास्त होती. म्हणजे हा पुरावा 'झेलण्या'च्या बाजूचा झाला.

या शिलकीला दुसरी बाजूही आहे. ज्याची शिल्लक मोठी, त्याचा रोग उशिरा ओळखू येतो. आणि ओळखू येतो तेव्हा आतली हानी बरीच झालेली असते, म्हणून नंतरचा ऱ्हास वेगाने होतो. निवृत्त प्राध्यापक किंवा मुख्याध्यापक शब्दांच्या जोरावर बरेच दिवस वेळ मारून नेतात आणि घरच्यांना वाटते, 'एकाएकी झाले'. ते एकाएकी झालेले नसते.

रक्तवाहिन्यांचे प्रकरण

ज्या प्रकरणाचा गाजावाजा कमी झाला, ते मात्र व्यवहारात सर्वांत उपयोगी आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १०२ पदवीधर जोगिणींच्या मेंदूंचा विचार होता. त्यांपैकी ६१ मेंदूंत अल्झायमरची विकृती निकषांत बसण्याइतकी होती. या ६१ मध्ये ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात बारीक रक्तवाहिन्या बंद होऊन लहान लहान व्रण झाले होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त प्रमाणात दिसला होता. उरलेल्या ४१ मेंदूंत, म्हणजे अल्झायमर नसताना, अशा व्रणांचा परिणाम किरकोळ होता. म्हणजे एकट्याने जे फारसे बिघडवत नाही, ते दुसऱ्याच्या जोडीने घर बुडवते.

या शोधाबाबत 'वीस पट' असा आकडा सांगितला जातो. तो बरोबर समजून घेतला पाहिजे, कारण जोखमीच्या बातम्यांत हीच गल्लत नेहमी होते. हे गुणोत्तर 'झालेले : न झालेले' अशा प्रमाणांचे आहे. वर्गात सांगण्यासाठी सोपे काल्पनिक आकडे घेऊ. एका गटात दहापैकी पाच जणांना रोग झाला, तर प्रमाण ५ : ५, म्हणजे १. दुसऱ्या गटात दहापैकी नऊ जणांना झाला, तर प्रमाण ९ : १, म्हणजे ९. गुणोत्तर नऊ पट आले. पण रोग्यांची संख्या पाचावरून नऊवर गेली, म्हणजे दुप्पटही झाली नाही. बातमीत 'नऊ पट धोका' असे छापले जाते आणि वाचक घाबरतो.

तरीही या प्रकरणाचा गाभा पक्का आहे. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जपायच्या तर रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांच्याकडे लक्ष द्यायला हवे. हा सल्ला विचारघनतेच्या शोधाइतका रंजक नाही, पण त्यावर कृती करता येते. २०१९ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात रक्तदाब अधिक काटेकोरपणे खाली ठेवलेल्या गटात स्मृतिभ्रंशापूर्वीचा सौम्य बौद्धिक ऱ्हास कमी आढळला. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतकी नव्हती.

जेथे पुस्तक घसरते

आहाराच्या प्रकरणात स्नोडन रक्तातील फोलेट या जीवनसत्त्वाला बरेच महत्त्व देतात. ज्यांच्या रक्तात फोलेट कमी, त्यांच्या मेंदूचा संकोच जास्त, असे ३० जोगिणींत त्यांना दिसले होते. मग गोळ्या घेऊन मेंदू वाचेल काय? २००८ साली अल्झायमर झालेल्या चारशेहून अधिक रुग्णांना ब गटातील जीवनसत्त्वे भरपूर मात्रेत देऊन पाहिली. बौद्धिक ऱ्हासाचा वेग मंदावला नाही. सौम्य ऱ्हास असलेल्या व्यक्तींवर ऑक्सफर्डमध्ये झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र मेंदूचा संकोच काहीसा मंदावलेला दिसला. निरीक्षणात दिसलेला संबंध प्रयोगात टिकेलच असे नाही, हा येथला धडा.

आनंदी वृत्तीविषयीचे प्रकरण असेच जपून वाचावे. १८० आत्मवृत्तांत आनंद, कृतज्ञता, आशा यांचे उल्लेख ज्यांनी जास्त केले होते, त्या जोगिणी अधिक वर्षे जगल्या, असा तो शोध आहे. तो आयुर्मानाविषयी आहे, अल्झायमरविषयी नाही. पण पुस्तकात ही प्रकरणे शेजारी शेजारी असल्याने पुष्कळांच्या बोलण्यात 'आनंदी राहा, स्मृतिभ्रंश टळेल' असे त्याचे रूपांतर होते.

आणि शेवटी श्रद्धा व सहजीवन. जोगिणींच्या निरामय वार्धक्याचे श्रेय स्नोडन या दोन गोष्टींनाही देतात. या भावनेशी कुणाचे भांडण असण्याचे कारण नाही. परंतु पाहणीतील सर्वजणी श्रद्धावान होत्या आणि सर्वजणी समूहात राहत होत्या. तुलनेला श्रद्धा नसलेला किंवा एकटा राहणारा गटच नव्हता. सिगारेटबद्दलचा तो नियम येथे आठवावा. येथे वैज्ञानिकाची जागा स्नेह्याने घेतली आहे, असे म्हणावे लागते.

मठाबाहेरचे जग

मठातल्या बहुतेकजणी पदवीधर होत्या. निरक्षर स्त्रीविषयी ही पाहणी काहीच सांगत नाही. त्यासाठी आपल्याच देशातील एका कामाकडे वळले पाहिजे. हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण भागात विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरची पाहणी केली. तेथील वृद्धांत निरक्षर पुष्कळ. म्हणून लिहिता-वाचता येण्यावर अवलंबून नसलेल्या चाचण्या हिंदीत तयार करण्यात आल्या. एक वाक्य लिहायला सांगण्याऐवजी घराविषयी काहीतरी बोलायला सांगायचे, अशा प्रकारच्या. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या मोनोंगाहेला खोऱ्यातही तसेच काम चालू होते. दोन्हींची तुलना २००१ साली प्रसिद्ध झाली. ६५ वर्षांवरील दर हजार व्यक्तींमागे वर्षाला नवे रुग्ण अमेरिकेत १७.५ आणि बल्लभगढमध्ये ४.७. शिवाय १९९८ च्या पाहणीत साक्षरतेचा आणि रोगाचा संबंधही आढळला नव्हता.

'निरक्षरांना अल्झायमर जास्त' असे मानणाऱ्यांना हा धक्काच होता. अर्थात याचीही अनेक उत्तरे संभवतात. रोग झाल्यावर खेड्यात माणूस लवकर दगावत असेल. पाहणीचा काळ थोडा होता. अल्झायमरची शक्यता वाढवणारा अपोई-४ हा जनुकप्रकार बल्लभगढमध्ये अमेरिकेपेक्षा कमी प्रमाणात आढळला. उलट २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ६० वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती असा अंदाज निघाला आणि हे प्रमाण स्त्रियांत व ग्रामीण भागात जास्त होते. दोन्ही पाहण्यांत मोजलेला विकार, वयोगट आणि पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे आकडे समोरासमोर ठेवता येत नाहीत. पण एका मठातला नियम जगाला लागू करता येत नाही, एवढे त्यांवरून कळते.

विचारघनतेचे मापही जसेच्या तसे मराठीत आणता येणार नाही. 'घरासमोरच्या' या एका मराठी शब्दासाठी इंग्रजीत चार-पाच शब्द लागतात. आपल्या प्रत्ययांमुळे दहा शब्दांत मावणारा आशयच वेगळा असतो. त्यामुळे इंग्रजीतली मर्यादा लावून मराठी निबंध तोलणे म्हणजे शेराच्या मापाने कापड मोजणे होय.

पंचेचाळीस टक्के म्हणजे काय

या विषयावरचा आजचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा दस्तऐवज म्हणजे 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाच्या आयोगाचा अहवाल. २०१७ मध्ये त्याने ९ जोखीम घटक दिले होते, २०२० मध्ये १२ आणि २०२४ मध्ये १४ : अल्प शिक्षण, बहिरेपण, रक्तातील घातक कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला इजा, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अतिमद्यपान, एकाकीपणा, हवेचे प्रदूषण आणि उपचार न केलेली दृष्टिहानी. हे सर्व घटक नाहीसे झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्याचा हिशेब आहे. त्यात अल्प शिक्षणाचा वाटा ५ टक्के, तर बहिरेपण आणि कोलेस्टेरॉल यांचा प्रत्येकी ७ टक्के.

हा आकडा समाजाचा आहे, व्यक्तीचा नाही. शंभर रुग्णांतले ते ४५ कोणते, हे कुणीही सांगू शकत नाही. शिवाय यादीतला प्रत्येक घटक हे खरेच कारण आहे, असे हिशेबात गृहीत धरलेले आहे. बहिरेपणाचेच पाहा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वृद्धांना श्रवणयंत्रे देऊन तीन वर्षे पाहिले, तेव्हा एकूण गटात बौद्धिक ऱ्हासात फरक पडला नाही. आधीच जोखीम जास्त असलेल्या उपगटात मात्र ऱ्हास मंदावला. म्हणजे श्रवणयंत्र अवश्य वापरावे, नीट ऐकू येणे ही स्वतःच मोठी गोष्ट आहे. पण त्याने स्मृतिभ्रंश टळेल अशी हमी देऊ नये.

शिक्षकांनी काय घ्यावे

या साऱ्याचा आपल्या कामाशी संबंध आहे. घरातल्या आजीला स्मृतिभ्रंश झाला की 'तिने कधी डोके चालवले नाही, पुस्तक हातात धरले नाही, म्हणून झाले' असे बोलणारे भेटतात. ते बोलणे विज्ञानाच्या नावाखाली केलेला अन्याय आहे. त्या आजीला शाळेत कुणी पाठवले नव्हते, हा तिचा दोष नाही. तिने आयुष्यभर हिशेब, बी-बियाणे, नात्यागोत्याचे तपशील, शेकडो ओव्या डोक्यात सांभाळल्या, त्याला 'डोके न चालवणे' म्हणता येत नाही. उलट आयुष्यभर शिकवलेल्या माणसालाही हा रोग होतो, आणि तो झाला म्हणजे त्याची विद्या खोटी होती असे ठरत नाही. जोखीम घटक असला म्हणजे रोग होतोच असे नाही आणि नसला म्हणजे टळतोच असेही नाही. रुग्णाला आणि त्याची सेवा करणाऱ्याला या वाक्याची फार गरज असते.

दुसरी गोष्ट वर्गातली. एखाद्या मुलाचा निबंध विरळ आहे, म्हणून त्याच्या वार्धक्याचे भविष्य कुणी सांगू नये. त्याला जास्त वाचायला, जास्त बोलायला, जास्त लिहायला संधी द्यावी. त्यासाठी अल्झायमरचा धाक दाखवण्याची आवश्यकता नाही. भाषा येणे हे आजच्या जगण्यासाठीच उपयोगाचे आहे. मुलींना दहावीच्या पुढे शिकू द्यावे, याचीही कारणे पुष्कळ आहेत. साठ वर्षांनंतरचा संभाव्य लाभ हे त्यांतले फार तर शेवटचे कारण.

'एजिंग विथ ग्रेस' वाचावे की नाही? अवश्य वाचावे. इतक्या सोप्या भाषेत, माणसांविषयी इतकी आस्था ठेवून एखाद्या दीर्घ पाहणीची हकिगत क्वचितच सांगितली जाते. अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर त्यातले चौदा जणींचे प्रकरण वाचून फळ्यावर तीन रकाने करावेत : काय दिसले, त्याचा अर्थ काय काय होऊ शकेल, आणि त्यांतला एक अर्थ निवडायचा तर आणखी कोणता पुरावा लागेल. तिसरा रकाना भरायला मुलांना सर्वांत जास्त वेळ लागेल, म्हणून त्यासाठी एक पूर्ण तास राखून ठेवावा.